कवंदीचं पोट

टक्! टक्‌टक्!

भर दुपारची सामसूम कोंबडीनं मोडली. जैतून चटईवर उठून बसली. ओसरीवर गिरिधरशेठ तोंड वासून पडला होता, आणि कोंबडी त्याच्या उशाच्या गाठोड्याला टोचत होती.

हा धारवाडचा व्यापारी! जैतूनच्या मोठ्या बहिणीला बाळ होणार, म्हणून गावच्या सगळ्या सिद्दी बायकांनी मिळून कवंदी शिवली होती. जुन्या साड्यांच्या ठिगळांची रंगीत गोधडी. ‘प्रदर्शनात मांडतो’ म्हणत शेठ ती घेऊन गेला, आणि आज बाजाराला जाता जाता येऊन म्हणतो, चोरीला गेली! वर शिवणाऱ्यांची म्होरकी, जैतूनची मावशी हसनबी खाला, तिलाच ऐकवतो, “चिंध्याच ना त्या? दुसऱ्या शिवा!” आणि तिच्याच हातचा मासळी-भात चापून झोपला. लाज कशाशी खातात, ठाऊक नाही!

“उस्मान, बघ!” तिनं भावाला हलवलं. गाठोड्याच्या तरटातून तांबडे तांदूळ गळत होते.

“शेठ तांदूळ विकायला लागला?”

“येड्या, कवंदीचं पोट!”

उस्मान ताडकन उठला. काठाकडून शिवत मध्यावर आलं, की शेवटच्या ठिगळाखाली खाला मूठभर तांदूळ ठेवायची. कवंदी उपाशी राहू नये, पांघरणारंही! या शहाण्याला तो नुसता फुगवटा वाटला असणार. उसवलंन् ठिगळ!

“खालाला उठवू?”

“मग शेठ म्हणेल, गाठोडं दुसऱ्याचंय. त्यालाच उघडू दे!” आणि जैतून किंचाळली, “घूस! शेठ, गाठोड्यात घूस! माल कुरतडतेय!”

माल म्हणताच शेठची झोप उडाली. पँट सावरत त्यानं स्वतःच टराटरा तरट फाडलं. आरडाओरडा ऐकून बायका धावल्या, आणि त्यांच्या पायाशी पसरली कवंदी, चारही कोपऱ्यांना कापडी फुलं मिरवत!

“ही... चुकून आली...”

“आणि पोट? तेही चुकून फाडलंस?” खालानं कमरेवर हात ठेवले. “चल, नीघ! तुझ्यासाठी इथं कुणी एक टाका घालायची नाही!”

जीप दिसेनाशी होईपर्यंत बायका हसत होत्या. मग सगळ्या कवंदीभोवती बसल्या. खालानं उस्मानच्या मुठीत तांदूळ दिले आणि सुई जैतूनच्या हातात.

“वाघीण माझी! शेवटचं ठिगळ तुझं!”

धाकटी बहीण शमा इतका वेळ ठिगळावर बोट फिरवत होती. तिनं मान वर केली. “आपा, चिंध्याच होत्या, तर त्यानं चोरल्या कशाला गं?”