न फोडलेल्या होड्या

मी प्रोग्रामर आहे आणि भूतबित मानत नाही. कोणी मानायला लागलं की माझं डोकंच फिरतं.

१९९८ साली मी मानपाड्याला एका कंपनीत नोकरीला होतो आणि रविवारी घरी एम्युलेटर लिहायचो, म्हणजे पार्लरमधले जुने व्हिडिओ गेम पीसीवर चालवणारा प्रोग्राम. त्यातला एक गेम दामाजीकाकांसाठी होता. विठ्ठलवाडीला त्यांचं पार्लर होतं. कॉलेज बुडवून मी तिथेच पडलेलो असायचो. गल्ल्यावर त्यांची बायको, कोळीवाड्यातली मंजुळाकाकी. दुपारी गिऱ्हाईक नसलं की पदर खोचून स्वतःच खेळायला उभी. विमानाचा गेम, खाली समुद्र, समोरून शत्रूची विमानं आणि होड्या. काकी विमानं पटापट टिपायची, होडीला मात्र गोळी लावायची नाही.

"अगं काकी, पॉइंट जातायत!" मी बोंबलायचो.

"कोलनीनं होरी फोराची? येरा झालास का रं?"

९३ साली काकी गेली. काकांनी पार्लर बंद केलं, त्या गेमचं चिपांचं बोर्ड तेवढं फडक्यात गुंडाळून ठेवलं. पाच वर्षांनी ते माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "गुरू, एकदा चालव रं."

चिपमधला गेम पीसीत उतरवला; जॉयस्टिक कुठे, आवाज कुठून, सगळं शोधून एम्युलेटरला ते बोर्ड कळेल असा ड्रायव्हर लिहिला. पण गेम रांगायचा. मग रिकंपायलर लिहिला: जुन्या प्रोसेसरचे हुकूम एकेक वाचत बसण्याऐवजी गठ्ठ्यानं पीसीच्या भाषेत उतरवून घ्यायचे. गेम पळायला लागला.

आता परीक्षा. नाणं टाकलं नाही की असले गेम स्वतःच थोडा खेळ करून दाखवतात, त्याला डेमो म्हणतात. त्यातली प्रत्येक चाल चिपमध्ये आधीच भरलेली असते. माझा हिशेब कुठे चुकला की विमान भलतीकडे जातं आणि दहा सेकंदांत आपटतं.

विमान भलतीकडे गेलं. आपटलं मात्र नाही. शत्रू टिपत राहिलं आणि एकूण एक होडी सोडून दिली.

चूक सापडली. रिकंपायलर वजाबाकीत हातचा विसरत होता. पण शेजारी बसलेल्या काकांनी तोवर ते पाहिलेलं.

"सुदरू नको," ते म्हणाले. "ती हाय."

मी जुना पीसी त्यांच्या ठाण्याच्या घरी नेऊन ठेवला. काका रोज दुपारी चहा घेऊन त्याच्यासमोर बसायचे. "रोज येगला खेलते," म्हणायचे. चिपमधल्या चाली रोज वेगळ्या कशा असतील? मी चिडायचो. माझ्या नावाचा प्रोग्राम आणि चुकीचा चालतोय! आणि खरं सांगतो, म्हातारा पडद्याला चिकटून बसलेला बघून माझं काळीज तुटायचं.

एका रविवारी न विचारताच मी दुरुस्त फाइल टाकली.

डेमो बरोबर चालला. पहिली होडी फुटली. मग दुसरी.

काकांनी चहा तसाच बाजूला ठेवला.

मला माझीच लाज वाटली. जुनी फाइल परत टाकली. तीच फाइल, तीच तारीख.

विमान डाव्या कोपऱ्यात उभं राहिलं. होड्या येऊन गेल्या. शत्रू येऊन गेले. त्याला एकही गोळी लागली नाही. ते हललं नाही.

"रुसली," काका म्हणाले.

"काका, हा नुसता डेटा आहे."

"माफी माग तिची."

"अहो, काहीतरीच काय!"

"गुरू." त्यांनी माझं मनगट धरलं. "पुन्हा गेली तर मी काय करू रं?"

दहा मिनिटं झाली. विमान कोपऱ्यातच.

मी खुर्ची पुढे ओढली.

"चुकलो, काकी," मी म्हणालो.

विमान कोपऱ्यातून निघालं आणि दोन होड्यांच्या मधून सावकाश पुढे गेलं.

काका उठले आणि त्यांनी टेबलफॅनचं तोंड माझ्याकडून पडद्याकडे वळवलं.