नदीकाठचा शेजारी

तंबूत खाण्याचे पदार्थ ठेवू नका, असं केनियातल्या सफारी कॅम्पवाल्यांनी दोनदा बजावलं होतं. तरी क्षिप्रानं डिंकाच्या लाडवांचा डबा पलंगाखाली दडवलाच. चार वर्षं सिंगापूरमध्ये अकाउंटंट म्हणून नियमात राहिली खरी, पण आईनं पाठवलेले लाडू कोणी परक्याच्या स्वयंपाकघरात जमा करतं का?

दुपारी एका बबून माकडानं तंबूची चेन उघडली, डबा बगलेत मारला आणि मारा नदीच्या काठावर ऐटीत बसकण मारली.

“मेल्या, आईनं केलेत रे ते...” क्षिप्रा रडकुंडीला आली.

“त्यालाही आवडलेले दिसतायत,” शेजारच्या तंबूतून चक्क मराठीत उत्तर आलं.

हा वेदांत. सिंगापूरमध्येच, तिच्या घरापासून दोन स्टेशनांवर राहणारा. चार वर्षं एकाच मेट्रो लाइनवर जा-ये करत होते दोघं... आणि भेटले ते केनियात!

मग चार दिवस एकाच जीपमधून भटकंती. हत्तींचा कळप नदी ओलांडत होता, तेव्हा एक पिल्लू मधेच अडखळलं. क्षिप्रानं नकळत वेदांतची बाही धरली. पिल्लू पलीकडे पोचलं – बाही मात्र सुटली नाही.

शेवटच्या संध्याकाळी तिनं सांगून टाकलं, “सोमवारी राजीनामा देणार आहे. एकटीनं जेवायचा कंटाळा आलाय रे... पुण्याला परत जाते.”

त्यानं काठावरचा एक खडा उचलून पाण्यात भिरकावला.

सिंगापूरच्या चांगी विमानतळावरून दोघं एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, घरी निघाले. बुओना व्हिस्टा आलं, वेदांतचं स्टेशन. त्यानं बॅग उचलली... आणि परत खाली ठेवली. दारं मिटली.

“तुझं स्टेशन गेलं.”

“बघितलं मी.”

“मग?”

“थांब, असं मी म्हणणार नाही, क्षिप्रा. पुण्याला जा, नाहीतर इथे राहा – मला तू आवडतेस. हे न सांगता उतरलो असतो, तर जन्मभर चुटपुट लागली असती.”

“आणि चार दिवस तोंडाला कुलूप होतं?”

“जीपमध्येच बोलणार होतो. पण तू बाही इतकी घट्ट धरली होतीस... वाटलं, बोललो तर सोडशील.”

क्षिप्राला हसू आलं, डोळेही भरले. आपल्यासाठी कोणीतरी स्वतःचं स्टेशन सोडून दिलं, याबद्दल कोणाचे आभार मानावेत, तेच तिला कळेना. तिनं मनोमन हात जोडले.

तिचं क्लेमेंटी आलं. ती उतरली आणि मागे वळली.

“चल ना,” ती म्हणाली. “राजीनाम्याचं नंतर बघू. आधी कुकर लावते... दोघांचा.”