चांगुणाबाईंची कॅसेट

हे माझ्या थोरल्या काकांसोबत घडलंय. काका म्हणजे तातेराव सर. जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवायचे. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जाणारा माणूस. म्हणूनच मी हे खरं धरतो. त्यांनी मला ते एकदाच सांगितलं.

साल १९८६. मार्चमधला रविवार. गाव वाटूर फाट्यापासून थोडं आत. नाव लिहीत नाही, कारण त्या घरची माणसं अजून तिथंच राहतात.

जालना जिल्हा तेव्हा नवा होता. आपल्या गावाचा इतिहास आपणच गोळा करावा, म्हणून तातेरावांनी गावात इतिहास मंडळ काढलं. महिन्यातून एक व्याख्यान व्हायचं. सुट्टीत वेशीपासून बारवेपर्यंत लोकांना फिरवून जुन्या जागा दाखवायच्या. त्या वर्षी पहिलं प्रदर्शन भरणार होतं. निजामाच्या वेळची नाणी, मोडी कागद, जुनी वजनं, पितळी समया... लोकांनी हौसेनं आणून दिलं.

तातेरावांना आणखी एक गोष्ट हवी होती. म्हाताऱ्या माणसांचे आवाज.

मंडळाचे अध्यक्ष होते रखमाजी. साठीचे, गावात शब्दाला मान. त्यांची आत्या चांगुणाबाई लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, ती तिथंच राहिली. वय पंच्याऐंशीच्या घरात, पण आठवण लख्ख. प्लेगचं साल तिनं डोळ्यांनी पाहिलेलं.

त्या रविवारी दुपारी तातेराव टेपरेकॉर्डर घेऊन तिच्याकडे गेले. घरचे सगळे हरभऱ्याच्या सोंगणीला गेलेले. माजघरात दोघंच.

म्हातारी छान बोलली. उंदीर पटापट पडायला लागले. गावानं घरं सोडली. रानात झोपड्या घातल्या. तीन महिने गावात दिवा लागला नाही.

"तुमच्या घरचं कोण दगावलं?" तातेरावांनी विचारलं.

चांगुणाबाईनं मान हलवली.

"कोणी न्हाई. कडी घातली अन् सगळे निघालो. मागं कोणी राह्यलं न्हाई."

त्याच संध्याकाळी तातेराव कॅसेट ऐकून वहीत उतरवून घेत होते. काकू, म्हणजे पुष्पाबाई, शेजारी तांदूळ निवडत होत्या.

"मागं कोणी राह्यलं न्हाई," टेपमधली म्हातारी म्हणाली.

मग थोडी खरखर...

आणि एक आवाज आला. बारीक. तरण्या बाईचा.

"मी राह्यले."

तातेरावांचा पेन तसाच थांबला.

काकूंनी सुपावरून मान वर केली. "ही दुसरी बाई कोण हो? घसा किती कोरडा पडलाय तिचा. पाणी तरी द्यायचं तिला."

दुपारी तिथं दुसरी बाईच नव्हती, हे तातेरावांनी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

त्यांनी कॅसेट मागे घेतली. पुन्हा लावली.

या वेळी आवाज जवळून आला. आणि त्याच्या आधी... लाकडावर बोटं वाजल्यासारखं काहीतरी. तीनदा.

तिसऱ्यांदा लावायची त्यांची छाती झाली नाही.

सकाळी ते रखमाजींकडे गेले. प्लेगच्या साली घरातलं कोणी मागं राहिलं होतं का, एवढंच विचारलं.

"सर, मंडळ गावाचं हाय. घर माझं हाय. उंदीर पडले, लोक रानात गेले, तेवढंच लोकायला ऐकवा. पुढचं बिलकुल लावू नका."

तातेरावांनाही तेच हवं होतं.

पुढच्या रविवारी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरलं. अकराचं लख्ख ऊन. खिडक्या सताड उघड्या. साठेक माणसं. चांगुणाबाईला पुढच्या खुर्चीत बसवलं होतं. स्वतःचा आवाज यंत्रातून ती पहिल्यांदाच ऐकणार होती.

टेप सुरू झाला. लोक हसले, माना डोलवल्या. उंदीर झाले. झोपड्या झाल्या.

तातेरावांनी बटण दाबलं.

बटण खाली गेलं. टेप चालूच राहिला.

"मागं कोणी राह्यलं न्हाई..."

त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा. रखमाजी खुर्चीवरून उठले, भिंतीजवळ गेले आणि बोर्डातून पिनच ओढून काढली. टेपमध्ये सेल नव्हते. हे काकांनी सांगता सांगता दोनदा म्हटलं.

चाकं थांबली. काकांनी डोळ्यांनी पाहिलं.



ठक... ठक... ठक...

"चांगू. कडी काढ की गं."

कुणी ओरडलं नाही. कुणी पळालं नाही. साठ माणसं बसल्या जागी बसून राहिली. फक्त चांगुणाबाई हळूच पुढं वाकली आणि त्या बंद यंत्राशी बोलू लागली. आवाज तिचाच, पण बोलणं लहान पोरीचं.

"काढू न्हाई दिली गं वैनी. आबानं हात धरला माझा. मला म्हणले, तिला गाठ आली, ती आता आपली न्हाई."

"आत्या, गप बस," रखमाजी म्हणाले.

पण आता तिला कोण थांबवणार? पाऊणशे वर्षं तिनं ते पोटात ठेवलं होतं. ही वैनी म्हणजे गिरिजा, तिच्या भावाची पहिली बायको. सोळा वर्षांची. जांघेत गाठ आली, त्या सकाळी आबांनी, म्हणजे चांगुणाच्या वडिलांनी, बाहेरून कडी घातली आणि घरच्यांनी गाव सोडलं. आठ वर्षांची चांगुणा बैलगाडीत बसली तेव्हा आतून दार वाजत होतं. लोकांना सांगितलं, सून माहेरी गेली, तिकडंच वारली. वर्षभरात भावाचं दुसरं लग्न झालं. रखमाजी त्या दुसरीचे.

"तीन महिन्यांनी दार उघडलं," चांगुणाबाई म्हणाली. "मीच पुढं पळाले. कडी जशीच्या तशी व्हती. खिडकीचे गज जाग्यावर. घागरी पालथ्या..."

ती थांबली.

"अन् वैनी न्हाई. आत कुणीच न्हाई. हाडबी न्हाई."

रखमाजींनी हातातली पिन खाली ठेवली. तातेरावांनी कॅसेट बाहेर काढली. आता सगळं शांत झालं होतं. खिडकीबाहेर एक शेळी ओरडत होती, तेवढंच. संपलं एकदाचं, असं त्यांना वाटलं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून सर्जेराव उठले. ऐंशी ओलांडलेले, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारे. रखमाजींच्या घराशी त्यांचा काही संबंध नाही.

"सर, बंद करा ते."

"बंदच आहे बाबा," तातेराव म्हणाले. "ही पाहा कॅसेट माझ्या हातात आहे."

सर्जेरावांनी त्या कॅसेटकडं पाहिलं. मग रिकाम्या टेपकडं.

"मंग आमच्या घरचं कोण बोलून राह्यलंय?"

तातेरावांना काहीच ऐकू येत नव्हतं. पण त्यांनी हॉलभर नजर फिरवली... आणि त्यांच्या लक्षात आलं. मागच्या भिंतीजवळ म्हाताऱ्या चतुराबाईंनी पदर तोंडात धरला होता. खिडकीपाशी एक म्हातारा कानावर हात ठेवून बसला होता. गावात जन्मलेली, प्लेग पाहिलेली जेवढी म्हातारी माणसं तिथं होती, ती सगळी मान खाली घालून ऐकत होती. प्रत्येक जण वेगळं काहीतरी ऐकत असावा. कारण ओठ हलत होते... आणि प्रत्येकाचे वेगळे.

बाराच्या आत हॉल रिकामा झाला.

चांगुणाबाई पुढं चार वर्षं जगली, पण त्या विषयावर बोलली नाही. तातेरावांनी जूनमध्ये बदनापूरला बदली मागून घेतली. मंडळ तसंच पडलं.

मी काकांना विचारलं, "सर्जेरावांना काय ऐकू आलं, ते नंतर कधी विचारलं नाही?"

काकांनी चष्मा काढून पुसला.

"दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेल्तो," ते म्हणाले. "पण विचारलं असतं तर लिहून ठेवावं लागलं असतं."

काकांनी लिहिलं नाही. मी आज लिहिलंय. बरं केलं की नाही, ते कळत नाही.