पडद्याआडची मास्तरीण

"जरा बसता का? उंची घ्यायची आहे."

हातात टेप घेऊन एक उंच, सडपातळ माणूस माझ्यासमोर उभा. मी वर्गातल्या चौथऱ्यावर सतरंजी झटकत होते.

"माझी उंची? कशाला?"

"पडदा तेवढा करायचाय ना. सकलानीजी म्हणाले, बसल्यावर मास्तरीणबाई दिसायला नकोत."

अस्सा संताप आला म्हणून सांगू! सहा वर्षं मी गंगेकाठच्या तपोवनातल्या या योगशाळेत शिकवतेय. संचालक सकलानींच्या बायकोची पाठदुखी मी घालवली. आणि आता जाहिरातीत शोभेल अशी एक नाजूक मुलगी समोर बसून आसनं करून दाखवणार, आवाज मात्र माझा, लाकडी पडद्याआडून! का? तर मी, गोदांबरी राणा, जाड आहे.

"घ्या उंची!" मी धपकन बसले. "रुंदीही घ्या, नाहीतर बाजूनं दिसायची!"

तो हसला नाही. कान मात्र लाल झाले. "मी मनवर. सुतार आहे... मला हे ठाऊक नव्हतं हो."

दोन दिवसांचं काम, पण मनवरनं आठ दिवस लावले. कधी लाकूड ओलं, कधी बिजागरी उलटी.

"बिजागरी उलटी कशी लागते? सुतार आहात की कोण?"

"तुमचा वर्ग चालू होता... लक्ष कुठं राहतंय—"

"पुरे, पुरे!" मी म्हणाले, आणि उगाचच ओढणी सारखी केली.

एकदा त्यानं बहिणीच्या लग्नातले अरसे आणले, आमच्याकडचे तांदूळ-गुळाचे तळलेले गोड वडे. गुळाचा तो वास! पण मी हात मागे घेतला. मी उकडलेला दुधी खात होते.

"एवढा राग कुणावर काढताय?" त्यानं विचारलं.

"तुम्हाला काय जातंय बोलायला? तुम्ही काठीसारखे!" मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तो रंधा मारत राहिला, आणि मी वर्गाला जे सांगायची ते रोज ऐकत राहिला — संकल्प म्हणजे मागणं नव्हे. आपण मुळात जे आहोत ते ओळखायचं, आणि मनातल्या मनात तीनदा म्हणायचं. कुणाला सांगायचं नाही.

नवव्या दिवशी पडदा उभा राहिला. योगनिद्रेचा वर्ग होता; ती नाजूक मुलगी उद्यापासून येणार होती. पलीकडे तीस जण डोळे मिटून उताणे, अलीकडे मी आणि माइक. दाराशी सकलानी, कोपऱ्यात हत्यारं आवरणारा मनवर. माझं डोकं नुसतं तापलेलं.

"आता मनातल्या मनात आपला संकल्प म्हणा," मी सांगितलं. आणि जे मनात म्हणायचं ते रागाच्या भरात तोंडातून बाहेर पडलं —

"मी बारीक होते आहे."

माइकवर! दोन वर्षांचा माझा संकल्प, आईलाही न सांगितलेला. सवयीनं दुसऱ्यांदाही म्हणून गेले, तेव्हा कुठं मला कळलं. तोवर पलीकडून चार-पाच आज्ञाधारक आवाज आले, "मी बारीक होते आहे..."

कुणीतरी फिसकन हसलं. धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. मग राग आला, आणि या वेळी तो सकलानींवर नव्हता. त्यांनी पडदा आज लावला, मी तर दोन वर्षं रोज स्वतःला लपवत होते! आणि वर जगाला शिकवत होते! लाज कशी वाटली नाही मला?

"मनवर! काढा हा पडदा!"

त्यानं दोन हातांनी तो उचलला आणि भिंतीला लावला.

"इतक्या लवकर?"

"ठोकलाच नव्हता," तो हळूच म्हणाला. "नुसता टेकवला होता."

सकलानी तरातरा आत आले. "गोदांबरी, पडदा नको असेल तर नोकरीही नको!"

"ते वर्ग संपल्यावर बोलू. आधी बूट काढा, नाहीतर बाहेर व्हा."

तीस जण उठून बसले होते. सगळे सकलानींच्या बुटांकडे बघत होते. ते बाहेर गेले. मी तिथंच, सगळ्यांसमोर, अख्खीच्या अख्खी बसले आणि नवा संकल्प केला. या वेळी मनातल्या मनात.

वर्गानंतर तीसच्या तीस जण संचालकांच्या खोलीत जाऊन बसले. बाई समोर नसतील तर आम्हीही नाही, म्हणाले. अर्ध्या तासानं निरोप आला, उद्या सहाचा वर्ग तुमचाच.

मनवर गंगेकडच्या पायरीवर बसला होता.

"नवा संकल्प काय केलात?"

"सांगायचा नसतो."

"मी कुठं तुमचा शिष्य आहे? माझा सांगतो." त्यानं कागदाची पुडी उघडली. "गोदांबरी माझ्या घरचा अरसा खाते आहे."

अरसे ताजे होते, अजून कोमट.

"बहिणीचं लग्न तर उरकलं ना?"

"हो. हे आईनं आज तळले... माझ्यासाठी."

"आमच्याकडे लग्नाखेरीज अरसे तळत नाहीत, मनवर."

"आमच्याकडेही नाही," तो म्हणाला. कान पुन्हा लालभडक.

मी पुडीत हात घातला आणि सगळ्यांत मोठा अरसा उचलला.