गुरगुरायची बंदी

ढब्बूला न्यायला पालिकेचा यंत्रमानव दारात आला, तेव्हा मृणाल आपल्या या लाडक्या कुत्र्याच्या गळ्यात हात घालून पायरीवर बसली होती. जागची हलायला ती काही तयार नव्हती.

झालं होतं असं, की आदल्या दिवशी ढब्बू सोसायटीच्या सेक्रेटरींना, म्हणजे वाघमोडेकाकांना, चावला होता. तेही न गुरगुरता, एकदम. ज्याला सगळे गुणी बाळ म्हणून डोक्यावर घेत होते, त्या ढब्बूने असं करावं?

"डोक्यावरून हात फिरवायला गेलो होतो. नुसता गुरगुरला असता, तरी मी बाजूला झालो असतो," हाताला पट्टी बांधलेले काका म्हणाले. त्यांचंही काही चूक नव्हतं.

"विनाकारण चावणारा कुत्रा शहराबाहेरच्या केंद्रात न्यायचा, असा नियम आहे," यंत्रमानव म्हणाला. त्याचं नाव दक्ष. "कारण सापडलं, तर इथेच राहील."

"मग शोध की. एवढे डोळे कशाला दिलेत तुला?" मृणाल म्हणाली.

दक्षने ढब्बूचं उष्णताचित्र (शरीराचा कुठला भाग किती गरम आहे, हे रंगांतून दाखवणारं चित्र) काढलं. त्याच्या छातीवरच्या पडद्यावर ढब्बू निळा-हिरवा दिसत होता. डावा कान तेवढा लालभडक.

"कान आतून सुजलाय. काकांचा हात लागला, तेव्हा कळ गेली असणार," दक्ष म्हणाला. "दुखावलेला किंवा घाबरलेला कुत्रा आधी अंग आखडतो, नजर चुकवतो, मग गुरगुरतो. ही त्याची पूर्वसूचना (पुढे काय होणार, ते आधीच सांगणं). ती देऊनही कुणी ऐकत नसेल, तेव्हा बहुतेक वेळा तो चावतो."

"पण हा गुरगुरलाच नाही ना," काका म्हणाले.

मृणालचा हात ढब्बूच्या पट्ट्यावर गेला आणि तिच्या सगळं लक्षात आलं. तो शांतपट्टा होता. कुत्रा गुरगुरला रे गुरगुरला, की पट्टा जोरात थरथरून त्याला दटावायचा. आवाजाचा त्रास नको म्हणून काकांनीच ठराव करून तो साऱ्या कुत्र्यांच्या गळ्यात बांधला होता. मोठी हुशारी केली म्हणायची!

"काका, त्याला दुखत होतं, पण सांगता येत नव्हतं. आपण त्याला बोलायची चोरी करून ठेवली होती," मृणाल म्हणाली, आणि तिला रडूच आलं.

"तपासून पाहू," म्हणत दक्षने पट्टा सोडला आणि आपला पोलादी हात मध्ये आडवा धरला. काकांनी भीत भीत, लांबूनच बोटं पुढे केली. ढब्बूचं अंग ताठ झालं. त्याने मान वळवली. भोवती जमलेले शेजारी दोन पावलं मागे सरले.

"गुर्रर्र..."

काकांनी हात मागे घेतला. ढब्बूचं अंग सैल पडलं आणि तो शहाण्यासारखा खाली बसला. एका कुत्र्याच्या गुरगुरण्यावर अख्ख्या सोसायटीने टाळ्या वाजवल्या, असं त्या शहरात पहिल्यांदाच घडलं असेल.

"कारण सापडलं," दक्ष म्हणाला. त्याने ही माहिती तिथूनच शहरातल्या सगळ्या यंत्रमानवांना पाठवली: कुत्रा उचलण्याआधी त्याचं काय दुखतंय ते पाहा, आणि त्याचं बोलणं कुणी बंद केलंय का, तेही पाहा.

गाडी रिकामी परत गेली. वाघमोडेकाका मात्र घरोघरी फिरून स्वतःच्या हाताने शांतपट्टे सोडवत होते, आणि प्रत्येक कुत्र्यासमोर हात जोडून म्हणत होते, "बोला महाराज, आता ऐकतो."