एल्डरीच्या बांधात

आमच्या एल्डरीत नदी जमिनीपेक्षा उंच आहे. पाहुण्यांना त्याचं फार कौतुक, आम्हाला काडीचंही नाही. पूर्वजांनी दलदल उपसली, काळी माती सुकून खचत गेली आणि नदी राहिली वर, दोन बांधांच्या मधे. मी चहा गाळत असते आणि बोटी माझ्या डोक्यावरून जातात.

पलीकडच्या काठाला मॉर्हम. पुरात एकच बांध फुटणार, त्यांचा नाहीतर आमचा, आणि एक फुटला की दुसरं गाव वाचलं. म्हणून पाणी चढलं की दोन्हीकडचे पुरुष बंदुका घेऊन आपापल्या बांधावर बसतात. त्यांची नजर पाण्यावर कमी आणि एकमेकांवर जास्त असते. जो बांध फोडताना सापडेल त्याला त्याच भगदाडात घालायचं आणि वरून चिकणमाती ठोकायची, हा एल्डरीचा जुना कायदा. माझ्या पणजोबांच्या काळात दोघांना असं घातलं होतं. त्या जागा आजवर पाझरलेल्या नाहीत, हे आमचे लोक छाती फुगवून सांगतात. मला लहानपणापासून त्याची किळस होती.

आणि मी नवरा केला तो मॉर्हमचा.

एनॉस कोणाच्या अध्यात नव्हता ना मध्यात. पण माझा थोरला भाऊ रूबेन त्याला कधी नावानं हाक मारायचा नाही. "काय रे बेडका, बोटांमधले पडदे वाळले का?" असं भर गुत्त्यात विचारायचा. एनॉस ग्लास खाली ठेवून म्हणायचा, "तुझ्या बहिणीनं कापून टाकले. तुझे आहेत का अजून?"

सत्तेचाळीसच्या मार्चात साठलेलं बर्फ एकदम वितळलं आणि वर वादळी वारा सुटला. दुपारपर्यंत नदी बांधाच्या माथ्याला टेकली. एनॉस पहाऱ्याला निघाला तर रूबेननं त्याला दारातच अडवलं.

"तू घरी बस. तुझ्या बापाचं घर पलीकडे आहे. उगीच हात शिवशिवायला नकोत."

एनॉस मुकाट्यानं घरी बसला. थोड्या वेळानं त्याला परसामागे, बांधाच्या पायथ्याशी, पाणी पाझरताना दिसलं. तो फावडं घेऊन धावला. मॉर्हममध्ये गळती बुजवतात ती आधी उकरून. सैल माती काढायची, घट्ट लागली की पोतं कोंबायचं. एल्डरीत भरल्या नदीत बांधाला फावडं लावणं हेच पाप, आम्ही नुसतं वरून लिंपतो. एनॉस बापाकडून शिकला होता तसंच करत होता. मी पोती घेऊन आले तेव्हा रूबेन आणि आणखी तिघं बांधावरून खाली उतरत होते.

"बांध फोडतोय!" रूबेन ओरडला.

"अरे बुजवतोय तो! ही पोती काय माझ्या लग्नाची आहेत?"

"केझाया, बाजूला हो."

एनॉस वळला. "रूबेन, ऐक तरी..."

रूबेननं हाणलेल्या फावड्याचं पातं त्याच्या कानावर बसलं. ओलं लाकूड फोडताना येतो तसा आवाज झाला. मी रूबेनच्या दंडाला चावले, तोंडात रक्त आलं तरी सोडलं नाही. त्यानं कोपर मारून माझे पुढचे दात पाडले. तेवढ्यात भोक फुटलं आणि बैलाच्या मानेएवढा जाड लोंढा बाहेर आला.

चौघांनी एनॉसला उचललं. तो जिवंत होता, माझ्याकडे बघत होता. त्यांनी त्याचे पाय आधी आत घातले.

पाण्याचा सगळा जोर बाहेरच्या बाजूला होता. तरी एनॉस आत सरकत होता. धरणाऱ्यांनीही ते पाहिलं, कारण त्यांनी हात सोडले होते.

तो सरकतच राहिला.

शेवटी एक हात बाहेर उरला. तो माती चाचपत होता, मूठमूठ ओढून घेत होता.

मग हातही गेला.

पाणी थांबलं. वरून ठोकायला कोणी माती आणली नाही. बांध कोरडा होता.

संध्याकाळी मॉर्हमचा बांध फुटला. एनॉसचा बाप त्यात बुडाला.

सकाळी मी भिंतीवरची बंदूक काढली. रूबेनला गोळी घालणार होते, आणि घातलीच असती. दार उघडलं तर पायरीवर एनॉस. कपडे कोरडे, कानाला ओरखडाही नाही.

"केझी, भूक लागलीय," तो म्हणाला.

मी त्याला चरबीत पाव तळून दिला. मला माझा नवरा परत हवा होता आणि तो परत आला होता. कोण आला, कुठून आला, असले प्रश्न ज्यांची माणसं घरी आहेत त्यांनी विचारावेत.

रूबेननं त्याला पाहिलं आणि अंगणातच ओकला. पूर ओसरल्यावर त्यानं एकट्यानं ती जागा उकरायला घेतली. हातभर खाली माती उबदार लागली, म्हणाला, आणि ती ऊब श्वास घेतल्यासारखी हलत होती. त्यानं भराभरा माती परत लोटली. आता तो आमच्याकडे येतो, टोपी काढतो आणि एनॉसला नावानं हाक मारतो.

नदी चढली की एनॉस हातातलं काम टाकतो. स्वयंपाकघराच्या बांधाकडच्या भिंतीला पाठ लावतो, टाचा रोवतो आणि पाणी उतरेपर्यंत तसाच उभा राहतो. त्याचे ओठ निळे पडतात, मानेच्या शिरा तटतटून फुगतात. मी त्याला चमच्यानं चहा पाजते. मला त्याची फार दया येते, आणि सवयही झाली आहे.

गेल्या हिवाळ्यात पाणी नेहमीपेक्षा वर आलं. आमची लेटी चार वर्षांची. पुडिंग खाता खाता ती उठली, बापाशेजारी गेली, इवल्याशा टाचा फरशीत रोवल्या आणि भिंतीला पाठ टेकली.

"लेटी, इकडे ये. गार होतंय ते," मी म्हटलं.

"आत्ता नको, आई," ती दातओठ आवळून म्हणाली. "एकट्या बाबाला आता पेलत नाही."