टाकीतली मूठमाती

त्या संध्याकाळी मंगळावरच्या वसाहतीत सगळं नेहमीसारखं चाललं होतं. अनघाचे बाबा आणि तिची मुलगी मिथिला काचेच्या टाकीपुढे चहा पीत बसले होते. टाकीत पाणी, दगडाचा चुरा आणि सायनोबॅक्टेरिया (उजेडावर अन्न तयार करून प्राणवायू सोडणारे सूक्ष्मजीव). वर्षभर शून्यावर असलेला प्राणवायूचा काटा नुकताच जरासा हलला होता.

"आजोबा, तुमचे कामगार फार आळशी."

"तुझ्या आईवर गेलेत," आजोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते उठलेच नाहीत.

मंगळाच्या हवेत चिता पेटत नाही. म्हणून त्यांना बाहेर खोल पुरलं. सगळ्यांना बाहेर जाता येईना, तेव्हा खड्ड्यातली काळी माती आत आणली आणि प्रत्येकाने आपली मूठ त्यांच्या लाडक्या टाकीत सोडली.

काही दिवसांत काटा पुन्हा शून्यावर आला. सूक्ष्मजीव मेले असावेत, टाकी रिकामी करून तिथे बटाटे लावू, असं वसाहतप्रमुख हेमांगीबाईंनी हळुवारपणे सांगितलं. बाबांचं एवढंच काय ते मागे उरलं होतं. अनघाने टाकी उपसायला भांडं उचललं.

मिथिला काचेला नाक लावून बसली होती. "आई, माती तर काळी होती. मग तळाशी हे लाल काय साचलंय?"

अनघा थबकली. मग तिने दोघींना समजावलं. मंगळाची वरची माती लाल, कारण ती कधीच गंजून गेली आहे. खोलवरच्या काळ्या मातीतलं लोखंड अजून गंजायचं असतं. ते पाण्यात विरघळतं, मिळेल तो प्राणवायू गिळतं आणि गंज होऊन तळाशी बसतं. सूक्ष्मजीव जिवंतच होते. त्यांची कमाई लोखंड खात होतं.

पृथ्वीवरही असंच घडलं. कोट्यवधी वर्षं समुद्रातलं लोखंड प्राणवायू पीत राहिलं. त्या गंजाचे थर आज आपण लोहखनिज म्हणून खणतो. लोखंड सरत आलं, तेव्हा कुठे प्राणवायू हवेत साठू लागला. जुन्या कित्येक जिवांना तो विषासारखा बाधला. पण त्याच्यावर जगणारे नवे जीवही आले, आणि फार पुढे आपण. जिवांनी पृथ्वी बदलली, बदललेल्या पृथ्वीने जीव बदलले.

"म्हणजे आपण प्रेमाने घातलेली माती..." मिथिला घुटमळली.

"ती पचायला वेळ लागेल."

हेमांगीबाईंनी वाकून तो लाल थर पाहिला. "बटाटे थांबतील," त्या म्हणाल्या.

बऱ्याच महिन्यांनी काटा हलला, आणि मग हलतच राहिला. या हवेवर एक दिवस वसाहतीचा अख्खा घुमट श्वास घेईल, असं मिथिला सगळ्यांना सांगत सुटली.

टाकीपाशी अनघा एकटीच उरली. पोरीची इथे बदली झाली बिचारीची, असं बाबा भेटेल त्याला सांगायचे. तिने कधी ते खोडून काढलं नव्हतं.

"बाबा," ती मोठ्याने म्हणाली, "माझी बदली झाली नव्हती. मी ती मागून घेतली होती. मला तुमच्याजवळ राहायचं होतं."